रस्त्यांच्या स्वच्छतेची पाहणी नोंदवायची कशी? (नागपूर, प्रभागपातळी)

धंतोलीकर
आमच्या प्रभागातली बारा मंडळी दर महिन्याला रस्त्यांची पाहणी करून झोन कार्यालयाला आकडे देणार आहेत. गुगल फॉर्म तयार आहे: तारीख, रस्त्याचं नाव, १ ते १० मध्ये गुण, एक फोटो, शेरा. सुरुवात करण्याआधी जाणकारांनी एकदा नजर घालावी. रस्ते किती घ्यायचे आणि गुणांवरून आपसात वाद होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे दोन मुख्य प्रश्न.

खराटा
पहिलं काम म्हणजे ते १ ते १० खोडा. सहा आणि सात यांत फरक काय, हे दोन माणसं सारखं सांगत नाहीत. अर्धे लोक तर भिडेखातर सगळ्यांनाच सहा देतात. वर्णनाने बांधलेल्या चार श्रेण्या ठेवा. इंग्लंडमध्ये नगरपालिकांसाठी २००८ पासून काही वर्षं एनआय १९५ नावाचा रस्ते-स्वच्छतेचा निर्देशांक होता, त्याची रचना इथे बरीचशी चालते:

अ: कचरा अजिबात नाही.
ब: रस्ता एकूण स्वच्छ. सुटे लहान तुकडे आहेत, पण कुठेही साचलेले नाहीत.
क: कचरा सगळीकडे पसरलेला, मधे मधे लहान साठे.
ड: मोठे साठे, रस्त्याचा किंवा फुटपाथचा भाग व्यापलेला.

ब आणि क यांच्या मधे एक ‘ब-उणे’ ठेवा. खरे वाद तिथेच होतात, अ आणि ड यांवर कोणी भांडत नाही.

आता महत्त्वाचं. एका रस्त्याला एकच श्रेणी देऊ नका. त्या निर्देशांकात सुटा कचरा, माती-धूळ, भिंतीवर खरडलेला मजकूर आणि चिकटवलेली पत्रकं अशा चार गोष्टी वेगळ्या मोजत. नागपूरसाठी माझी चार खाती अशी: (१) सुटा कचरा, (२) माती आणि गाळ, (३) मलबा, (४) पिचकाऱ्या. सिमेंट रस्ता झाल्यावर कडेच्या गट्टूंची (पेव्हर ब्लॉकची) आणि रस्त्याची पातळी जुळत नाही, त्या खाचेत माती बसते. कचरा ‘अ’ आणि माती ‘क’ असा रस्ता इथे पावलोपावली सापडेल. दोन्ही एकत्र करून ‘ब’ दिलात तर झोनमधल्या माणसाला खराटेवाला पाठवायचा की फावडं-घमेलं घेऊन गँग पाठवायची, हे कळणार नाही.

नकाशेवाली
‘रस्त्याचं नाव’ हा रकाना धोक्याचा आहे. वर्धा रोड लिहिलं की रहाटे कॉलनीपासून विमानतळापर्यंत काहीही होऊ शकतं. पाहणीचं एकक ५० मीटरचा तुकडा ठेवा. अरुंद गल्लीत पूर्ण रुंदी, म्हणजे या घराच्या कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत. दुभाजक असलेल्या रस्त्यावर एकच बाजू घ्या आणि तो दुभाजकाचा कठडा तुकड्यातच धरा, कारण वाऱ्याने उडालेल्या पन्न्या तिथेच अडतात.

तुकडे आपल्या मनाने निवडू नका. माणूस नकळत एक तर चौकातला कचराच निवडतो किंवा स्वतःच्या घरासमोरचा रस्ता. ओपनस्ट्रीटमॅपवरून प्रभागातले रस्ते उतरवा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ‘स्प्लिट लाइन्स बाय मॅक्झिमम लेंग्थ’ वापरून ५० मीटरचे तुकडे पाडा आणि त्यातून यादृच्छिक निवड करा. नेहमी होणारी चूक: नकाशा अक्षांश-रेखांशात असतानाच ५० टाकतात. मग तो ५० अंश समजतो आणि एकही तुकडा पडत नाही. आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४४ उत्तर प्रक्षेपात आणा (ईपीएसजी ३२६४४, नागपूर त्याच पट्ट्यात येतं). दुसरी चूक: दुभाजकाचे रस्ते नकाशात दोन रेषांनी काढलेले असतात, त्यामुळे मोठ्या रस्त्यांना निवडीत दुप्पट संधी मिळते. आपलं एकक ‘एक बाजू’ असेल तर ते बरोबरच आहे, पण तसं ठरवून करा, योगायोगाने नको.

नालीकाठ
भाऊ, नालीतून काढलेला गाळ कोणत्या खात्यात टाकून राहिले तुम्ही? नाली साफ केली की गाळ काठावर ठेवतात, निथळून वाळायला. ओला उचलला तर गाडीतून रस्ताभर सांडतो. त्या दिवशी तुमची माणसं आली तर काम केलेल्या रस्त्याला ‘ड’ मिळेल आणि जिथं नालीला हातच लावला नाही तिथं ‘अ’. हा न्याय नाही जी.

खराटा
नालीकाठ, मुद्दा सोळा आणे खरा. श्रेणी मात्र जे डोळ्याला दिसतं त्याचीच द्यायची. तिथे दयामाया सुरू झाली की प्रत्येक जण आपापली सूट देतो. उपाय असा की प्रत्येक खात्यात ‘क’ किंवा ‘ड’ आलं की कारण निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ द्यायचा नाही. कारणांची यादी लहान ठेवा:

१. झाडूनच झालेलं नाही
२. झाडलं आहे, ढिगाऱ्या उचलायच्या राहिल्या
३. नालीचा गाळ काठावर (वाळलेला की ओला, हेही)
४. पानठेला किंवा खाद्यविक्रेता
५. घरगुती कचरा पिशवीत बांधून टाकलेला
६. बांधकाम किंवा खोदकाम
७. पानगळ
८. जनावरांनी पसरलेलं
९. जाळल्याची राख

गाळ वाळलेला असूनही पुढच्या फेरीत तिथेच दिसला, तर अडचण नाली साफ करणाऱ्याकडे नसून उचलणाऱ्या गाडीकडे आहे, हे आपोआप बाहेर येतं. २ नंबरचंही तसंच. ऐवजदाराने (बदली सफाई कामगाराने) सकाळी झाडून ढिगाऱ्या लावल्या, टिप्पर (कचरागाडी) फिरकला नाही, दुपारी वाऱ्याने आणि गायींनी सगळं पुन्हा पसरलं. कारणाचा रकाना नसेल तर हा आकडा थेट ऐवजदाराच्या डोक्यावर बसतो, आणि पुढच्या महिन्यापासून बीटवरचं (झाडण्याच्या ठरलेल्या हद्दीवरचं) कोणी तुम्हाला धड उत्तर देत नाही.

४ आणि ९ साठी नियमांचा आधारही आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावरच्या विक्रेत्याला स्वतःचा कचराडबा ठेवणं बंधनकारक केलं आणि उघड्यावर जाळायला मनाई केली. म्हणजे ही दोन कारणं आरोग्य निरीक्षकापेक्षा उपद्रव शोध पथकाच्या कामाची.

धंतोलीकर
कारणांची यादी घेतली. पण ‘झाडूनच झालेलं नाही’ हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? विचारायचं का?

खराटा
विचारा, पण त्याआधी जमीन पाहा. खराट्याचे फरकाटे धुळीत अर्धगोल उमटतात आणि बराच वेळ टिकतात. मातीच्या कडेला पट्ट्या दिसतात, ढिगाऱ्या ठरावीक अंतरावर असतात. सिमेंटवर फरकाटे दिसत नाहीत, तिथे दुभाजकाच्या बुंध्याशी आणि गट्टूंच्या फटीत पाहा. ओल्या पन्न्या फटीत चिकटतात आणि खराटा त्यांच्यावरून निघून जातो. बाकीचा भाग मोकळा आणि फटीत तेवढ्या पन्न्या, म्हणजे झाडलं गेलंय.

श्रेणीइतकाच महत्त्वाचा रकाना म्हणजे ‘झाडल्याला किती तास झाले’. सकाळी झाडलेला गोकुळपेठ बाजारातला तुकडा नऊला ‘अ’ असतो आणि रात्री नऊला ‘ड’. दोन्ही नोंदी खऱ्याच. वेळ नसेल तर दोन्ही निरर्थक. पर्याय चारच ठेवा: २ तासांच्या आत, २ ते ६, ६ पेक्षा जास्त, कळलं नाही. ‘कळलं नाही’ ठेवाच, नाहीतर लोक अंदाजाने भरतात.

बेरीजवजाबाकी
किती तुकडे, या प्रश्नाचं उत्तर आधी ‘कशासाठी’ यावर. ‘क’ किंवा ‘ड’ तुकड्यांचं प्रमाण सांगायचं असेल, तर ९५ टक्के खात्रीने ±१० टक्क्यांच्या आत येण्यासाठी साधारण ९६ तुकडे लागतात. २४ घेतले तर चूक ±२० होते, म्हणजे ४० टक्के आकडा आला तर खरा २० ते ६० मधे कुठेही. हे गणित ज्या क्षेत्राबद्दल बोलायचं त्या प्रत्येकाला लागू आहे. महानगरपालिकेच्या दहाही झोनची तुलना करायची असेल तर ९६ नाही, ९६० लागतील. पाच-पाच तुकडे पाहून प्रभागांचे क्रमांक लावणारे तक्ते फिरतात, त्यांना काही अर्थ नसतो.

तुमच्याकडे बारा माणसं, म्हणजे सहा जोड्या. जोडीला १६ तुकडे, तुकड्यामागे चालण्यासह ८ मिनिटं धरली तर दोन तासांच्या जरा वर. दोन सकाळींत निवांत होतं.

सगळे तुकडे दर महिन्याला तेच ठेवू नका. जमादाराला (सफाई कामगारांच्या मुकादमाला) यादी कळली की तेवढे ५० मीटर चकचकीत होतात. सगळे नवेही नकोत, बदल दिसत नाही. ४८ कायम, ४८ नवे. कायमवाल्यांची श्रेणी सुधारत गेली आणि नव्यांची नाही, तर यादी फुटली आहे असं समजा.

एकच आकडा द्यायचा असेल तर एनआय १९५ चं सूत्र सोपं आहे: ‘क’ आणि ‘ड’ तुकडे पूर्ण, ‘ब-उणे’ अर्धे, भागिले एकूण तुकडे. ६० पैकी १२ ‘क’/‘ड’ आणि ६ ‘ब-उणे’ असतील तर (१२ + ३) ÷ ६० = २५ टक्के. आकडा जितका कमी तितकं चांगलं. हे कागदावर ठळक लिहा, नाहीतर पेपरात उलटं छापून येतं. आणि चार खात्यांचे चार आकडे द्या, त्यांची सरासरी काढू नका.

सदरवाला
एवढा खटाटोप कशाला? स्वच्छता ॲपवर तक्रारी येतातच. त्यांची संख्या मोजा, झालं.

बेरीजवजाबाकी
तक्रारींची संख्या तक्रार करणाऱ्यांची घनता सांगते. ज्या वस्तीत दहा जणांकडे ॲप आहे तिथे एका ढिगाऱ्याच्या दहा तक्रारी, आणि जिथे कोणाकडेच नाही तिथे उकिरडा असून शून्य. तक्रार जागा दाखवायला चांगली, मोजमापाला नाही.

नकाशेवाली
केंद्र सरकारचं स्वच्छ सर्वेक्षण (२०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेलं) हेही वेगळं आहे. त्यात कागदपत्रं, नागरिकांचा प्रतिसाद आणि प्रत्यक्ष पाहणी असं सगळं मिळून शहराला गुण मिळतात. तुमच्या कागदाला ‘सर्वेक्षण’ हे नाव देऊ नका, लोक गोंधळतात. ‘मासिक रस्ता पाहणी’ पुरे.

धंतोलीकर
पटलं. आता बारा जणांची नजर एकसारखी कशी करायची?

बेरीजवजाबाकी
पहिल्या फेरीआधी एक सराव. ४० तुकडे, प्रत्येक तुकड्याला दोघांनी एकमेकांशी न बोलता श्रेणी द्यायची. मग ‘ठीक’ (अ, ब, ब-उणे) आणि ‘ठीक नाही’ (क, ड) असे दोनच गट करून ताडून पाहा. समजा २२ तुकडे दोघांनाही ठीक वाटले, ९ दोघांनाही ठीक वाटले नाहीत, आणि ९ बाबतीत मतभेद: ६ ठिकाणी पहिला ठीक म्हणाला, ३ ठिकाणी दुसरा. जुळणी ३१/४०, म्हणजे ७७.५ टक्के. ऐकायला छान. पण पहिला ७० टक्के तुकड्यांना ठीक म्हणतो आणि दुसरा ६२.५ टक्के, त्यामुळे डोळे मिटून भरलं तरी ५५ टक्के जुळणी नुसत्या योगायोगाने आली असती. ती वजा केली की कोहेनचा कप्पा (κ) हा जुळणीचा निर्देशांक निघतो: (०.७७५ − ०.५५) ÷ ०.४५ = ०.५. हे कच्चं आहे. ०.७ च्या वर जाईपर्यंत सराव करा.

खराटा
आणि सरावात नुसते आकडे जुळवू नका, मतभेदाच्या त्या नऊ तुकड्यांपाशी दोघांना पुन्हा उभं करा. बहुतेक वेळा भांडण दोन-तीन गोष्टींवरच निघतं. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) रिकाम्या पन्न्या हे पहिलं. एक माणूस त्या पाहतच नाही, डोळे सरावलेले असतात. दुसऱ्याला त्याच दिसतात. नियम करून टाका: पानठेल्याभोवती पन्न्या सलग पसरलेल्या आणि मधली जमीन जेमतेम दिसते तो ‘साठा’, मग तुकडा ‘क’. सुट्या सुट्या मोजता येतात तोवर ‘ब’. दुसरं पानगळीचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ झडतात. सकाळी पडलेली ताजी पानं सुट्या कचऱ्यात धरू नका. कुजून मातीशी एकजीव झालेली पानं ‘माती’ खात्यात. तिसरं, मोकळ्या प्लॉटमधला कचरा. तो कुंपणरेषेच्या आत आहे, तुकड्यात येत नाही. हळहळ वाटली तर शेऱ्यात लिहा.

यातून तुमच्याच प्रभागातले १२-१५ फोटो निवडून, श्रेणी छापून, प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्या. परदेशातले नमुना-फोटो इथे निरुपयोगी, तिथली ‘क’ श्रेणी आपल्याला ‘ब’ वाटते.

नकाशेवाली
साधनांबद्दल. गुगल फॉर्म सोडा. त्यात फोनचं ठिकाण आपोआप नोंदलं जात नाही आणि नेटवर्क गेलं की काम थांबतं. कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके (फोनवर पाहणीचे फॉर्म भरायची साधनं) घ्या. फोन ऑफलाइन चालतो, घरी आल्यावर नोंदी वर जातात. तीन अटी फॉर्ममध्येच घाला: अक्षांश २१.० ते २१.३ आणि रेखांश ७८.९ ते ७९.३ बाहेर असेल तर नोंद घेऊ नये. ‘क’/‘ड’ असेल तरच कारणाचा प्रश्न दिसावा आणि तो सक्तीचा असावा. तुकड्याचा क्रमांक टाइप न करता यादीतून निवडावा.

ओडीके ५ मीटर अचूकता मिळाली की ठिकाण स्वतःच नोंदवतं. महाल-इतवारीच्या बोळांत आणि वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाखाली ती बऱ्याचदा मिळतच नाही, मग माणूस कंटाळून हाताने बटण दाबतो. अचूकतेचा आकडा वेगळ्या रकान्यात साठवलेला असतो. १५ मीटरच्या वर असेल तर ठिकाण ग्राह्य धरू नका, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची खूण हाच पत्ता. आणि कोणी अक्षांश-रेखांश हाताने लिहीत असेल तर दशांशानंतर पाच स्थळं हवीत (सुमारे १ मीटर). चारच लिहिली तर ११ मीटरचा फरक, म्हणजे पलीकडची बाजू.

फोटो दोन. पहिला तुकड्याच्या सुरुवातीला उभं राहून, छातीच्या उंचीवरून, लांबीच्या दिशेने, सूर्य पाठीशी ठेवून. दुसरा सगळ्यात वाईट जागेचा जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. फॉर्ममध्ये फोटोची कमाल मर्यादा १६०० पिक्सेल ठेवा, नाहीतर ९६ तुकड्यांचे मूळ फोटो वर चढवताना रात्र जाईल. फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवू नका, त्यातली वेळेची आणि ठिकाणाची माहिती पुसली जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

सफाई कामगारांचे चेहरे, घराच्या पाट्या, गाड्यांचे नंबर फोटोत नकोत. कामगार समोर असेल तर तो पुढे जाईपर्यंत थांबा.

नालीकाठ
तारखेचंही सांगतो. तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीकडे पाहणी ठेवू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीच्या रस्त्यांचंही तेच. लाखो लोक आल्यावरचा रस्ता आणि रोजचा रस्ता एका सरासरीत कसा बसेल? आठवडी बाजाराचं मात्र उलटं. तो दर आठवड्याला भरतोच, म्हणून तो गाळू नका, ‘बाजाराचा दिवस: होय’ अशी खूण करा. पाऊस पडून गेला की माती वाहून खाली साचते, उताराचा रस्ता चकाचक आणि खोलगट भागात ‘ड’. मोठ्या पावसानंतर एक दिवस सोडा.

संत्र्याच्या सालीचं वेगळं खातं करू का, असं कोणी विचारण्याआधीच सांगतो: नको. बहार आला की हातगाड्यांजवळ दिसतील, ४ नंबरमधे टाका.

धंतोलीकर
मे महिन्यात दहानंतर उभं राहवत नाही. वेळ बदलली तर चालेल?

बेरीजवजाबाकी
फक्त उन्हाळ्यापुरती बदलली तर उन्हाळ्याचा आकडा बाकीच्या महिन्यांशी ताडता येणार नाही. त्यापेक्षा वर्षभरासाठीच साडेआठ ते साडेदहा ठरवा. बाजाराच्या तुकड्यांना संध्याकाळची दुसरी फेरी द्या आणि ती वेगळी मोजा. बाजारपेठेत रात्रीची सफाई धरलेली असते, ती सकाळच्या फेरीत तपासली जातेच.

खराटा
झोनला देताना अहवाल प्रभागाप्रमाणे लावू नका, बीटप्रमाणे लावा. जमादार बीटच्या हिशोबाने काम वाटतो, प्रभाग नगरसेवकाच्या कामाचा. मलबा असलेल्या तुकड्यांना एक जास्तीचा रकाना लागेल: रस्ता कोणाचा आणि खोदलं कोणी. शहरात मनपा, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि महामेट्रो असे बरेच धनी आहेत. आरोग्य विभागाकडे दिलेला मलब्याचा कागद तिथेच पडून राहतो. मलब्याची घनता अंदाजे लिहायची तर लांबी × रुंदी × सरासरी उंची, आणि ढिगारा शंकूसारखा असेल तर तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन. डोळ्याने ‘दोन ट्रॉली’ म्हणणारे बरेचदा दुप्पट सांगतात.

बेरीजवजाबाकी
खराटा, घनता नव्हे, घनफळ.

खराटा
बरोबर, घनफळ.

धंतोलीकर
सरावानंतरची पहिली फेरी झाली. नोंदी उतरवल्यावर एक्सेलमध्ये सगळं मराठी चौकोन आणि विचित्र चिन्हं होऊन दिसतंय. आणि तीन तुकडे पाहताच आले नाहीत, एका ठिकाणी रस्ता खोदून बंद होता. तिथे काय भरू?

नकाशेवाली
सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलमध्ये ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइल ओरिजिनच्या यादीत ६५००१ यूटीएफ-८ निवडा. किंवा कोबोवरून थेट एक्सएलएस उतरवा. विचित्र झालेली फाइल ‘सेव्ह’ केली असेल तर ती टाकून द्या, पुन्हा उतरवा.

बेरीजवजाबाकी
आणि न पाहिलेल्या तुकड्यात शून्य किंवा ‘अ’ भरू नका, रिकामंही सोडू नका. ‘पाहणी नाही’ असा सहावा पर्याय आणि त्यापुढे कारण: पाऊस, रस्ता बंद, मिरवणूक, वेळ संपली. हे तुकडे भागाकारातून वगळायचे. तुमच्याकडे तीन गेले, म्हणजे भाजक ९३. आणि ‘वेळ संपली’ हे कारण एकाच जोडीकडून वारंवार आलं, तर त्यांच्याकडचे चार तुकडे कमी करा.